घास महाग पडतो तेव्हा

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही बार्शीला राहतो. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा रडला नाही, बारा दिवस पेटीत होता. पुढे डॉक्टरांनी सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, सांगितलं. मान अजून नीट धरत नाही, बोलत नाही, पण मला ओळखतो, गाणं लागलं की हसतो. फिट्सचं औषध चालू आहे. वजन 9 किलो 400 ग्रॅम. सव्वा वर्षापूर्वी 9 किलो 300 होतं. मी त्याला वरण-भात मिक्सरमधून काढून, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं असं भरवते. एका वेळेला दीड तास लागतो, असं दिवसातून चार वेळा. निम्मं बाहेरच येतं. पाणी पाजलं की ठसका लागतो. गेल्या वर्षात तीनदा न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं. आता पुण्याच्या डॉक्टरांनी पोटातून नळी बसवायला सांगितलं आहे. सासूबाई म्हणतात, ‘लेकराच्या पोटाला भोक पाडायचं? देवानं तोंड दिलंय ना?’ मिस्टर काहीच बोलत नाहीत. मी भरवण्यात कुठं कमी पडले का? नळी बसवली की त्याचं तोंडानं खाणं कायमचं बंद होईल का? नाकातून नळी घालून भागणार नाही का? खर्चाचं कसं? कृपया सांगा.
– एक आई, बार्शी

उत्तर :

ताई, आधी एक हिशोब मांडते. एका वेळचे दीड तास, दिवसातून चार वेळा, म्हणजे सहा तास. लोक नोकरीवर जातात जवळजवळ तेवढा वेळ तुम्ही वाटी-चमचा घेऊन लेकासमोर बसता, रोज, सुट्टी न घेता. आणि सव्वा वर्षात वजन वाढलंय शंभर ग्रॅम. हे आकडे मी माझ्या वहीत लिहिले आणि त्यांच्यासमोर ‘मी कमी पडले का?’ हा तुमचा प्रश्न लिहिला. दोन्ही एकमेकांशी जुळतच नाहीत. सहा तास भरवणारी आई कमी पडत नसते. घास तोंडातून पोटापर्यंत नेण्याचं काम त्याच्या अंगाला झेपत नाहीये, आणि ते तुमच्या हाताने भरून निघणारं नाही.

म्हणून आडवळण न घेता सांगते. तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच असेल, तर मी पुण्याच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. त्याला नळीची गरज आहे. का, ते सविस्तर सांगते, कारण ‘डॉक्टर म्हणाले म्हणून’ एवढ्या बळावर सासूबाईंसमोर उभं राहता येत नाही, आणि स्वतःच्या मनासमोर तर त्याहून नाही.

पहिलं कारण त्याच्या घशात आहे. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात शेजारी शेजारी उघडतात. आपण घास गिळतो त्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण श्वासनलिकेवर पडतं आणि घास मागच्या वाटेने खाली जातो. हे सगळं साधारण एका सेकंदात होतं आणि आपल्याला कळतही नाही. त्यामागे कितीतरी स्नायूंची एकमेकांशी सांगड असते आणि ती सांगड मेंदू घालतो. सीपी म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं, आणि त्यात नेमकी तीच सांगड विस्कटते. जीभ घास मागे ढकलण्याऐवजी पुढे ढकलते, म्हणून निम्मं बाहेर येतं. घास घशात उशिरा पोचतो, झाकण वेळेवर पडत नाही, आणि थोडं अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरतं. पाण्याला ठसका जास्त का लागतो? पातळ पदार्थ वेगाने घसरतो, सावरायला वेळच मिळत नाही. पेजेपेक्षा पाणी अवघड असतं, हे तुमच्या हातांना आधीच कळलेलं आहे.

ठसका लागतो ते एका अर्थी बरं म्हणायचं, निदान शरीर चुकीच्या वाटेने गेलेलं बाहेर फेकायला बघतंय. काही मुलांमध्ये ही जाणीवच बोथट झालेली असते. अन्न फुफ्फुसात जातं आणि मूल शांत बसून राहतं. तेव्हा बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. जेवताना किंवा जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? डोळ्यांत पाणी येतं का? छातीत घरघर वाढते का? रात्री जेवण झालं की तापाची कणकण येते का? वर्षात तीन न्यूमोनिया ही तर मोठी खूण आहे. पुढच्या भेटीत हे सगळं सांगा. आणि गिळण्याची तपासणी झाली नसेल तर ती होते का, हे आवर्जून विचारा. तिला व्हिडिओफ्लुरोस्कोपी म्हणतात. अन्नात बेरियम, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारी पूड, मिसळून मुलाला दोन-चार घास देतात आणि ते कुठून कुठे जातात ते क्ष-किरणांच्या पडद्यावर बघतात. ही सोय सगळीकडे नसते. नसेल तर गिळण्याचा अनुभव असलेला स्पीच थेरपिस्ट मुलाला भरवताना बघूनही बरंच काही सांगू शकतो.

दुसरं कारण वजन. साडेचार वर्षांचा मुलगा सरासरी सतरा किलोच्या आसपास असतो. सीपीच्या मुलांना हाच तक्ता जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, त्यांची अंगकाठी आणि स्नायूच वेगळे असतात, म्हणून तुलनेने घाबरून जाऊ नका. पण सव्वा वर्ष वजन जवळपास जिथल्या तिथे थांबलेलं असणं, हे कुठल्याही तक्त्यावर चिंतेचंच आहे. आपल्याकडे म्हणतात, खातो पण अंगावर लागत नाही. तुमच्या लेकाच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. निम्मं बाहेर येतं, उरलेलं गिळताना तो थकतो, एका घासामागे इतकी ताकद जाते की घासाने दिलेलं घासातच खर्च होतं. घास त्याला महाग पडतोय. वजन थांबलं की संसर्गाशी लढायची शक्ती घटते, न्यूमोनिया झाला की भूक मरते, भूक मेली की वजन आणखी उतरतं. या फेऱ्यातून त्याला बाहेर काढायचं, तर अन्न आत जाण्याची एक वाट अशी हवी, जिच्यासाठी त्याला झगडावं लागणार नाही.

वेळ हेसुद्धा कारणच आहे, आणि ते सांगताना आया लाजतात, जणू आपण स्वार्थी आहोत. बालपोषणाचा अभ्यास करणारे डॉक्टर नळीचा विचार करताना भरवण्यात दिवसाचे किती तास जातात, हे मुद्दाम विचारतात. तीन तासांच्या पुढे गेलं की ते त्याची नोंद घेतात. तुम्ही त्याच्या दुप्पट आहात. या सहा तासांत तुमच्या मुलाची फिजिओथेरपी होत नाही, खेळ होत नाही, तुमची झोप होत नाही. आणि जेवण ही मुलाच्या दृष्टीने दिवसातून चार वेळा येणारी परीक्षा होऊन बसते.

पाणी आणि औषधं यांबद्दल तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, पण मला खात्री आहे की त्रास तिथेही आहे. पाण्याला ठसका लागतो म्हणून पाणी कमी पाजलं जातं, त्यातून शौचाला कडक होते, पोट फुगतं, मूल आणखी कमी खातं. फिट्सचं औषध थुंकलं तर किती आत गेलं हे कोणाला कळणार? डोस कमी पडला की फिट येते. नळीतून पाणी आणि औषध मोजून जातं. मात्र एक लक्षात ठेवा, प्रत्येक गोळी कुटून नळीत घालायची नसते. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटल्या की त्यांचा सगळा डोस एकदम उतरतो. त्याचं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवून ‘हे नळीतून कसं द्यायचं?’ असं विचारून घ्या. बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं.

तुमच्या मनात कुठेतरी असंही असेल की नळी म्हणजे आता काही होण्यासारखं उरलं नाही. आपल्याकडे नळी पाहिली जाते ती अतिदक्षता विभागात, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकात, म्हणून हा समज पक्का बसलाय. मुलांच्या विभागात चित्र फार वेगळं असतं. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसवता येत नाही, म्हणून त्याला आईचंच दूध नळीने देतात, आणि काही आठवड्यांत ते बाळ अंगावर प्यायला लागतं. जन्मजात हृदयदोष असलेलं बाळ दूध पिता पिता घामाघूम होऊन झोपी जातं. ऑपरेशनपर्यंत वजन वाढावं म्हणून त्याला नळी लागते. किडनीच्या जुन्या आजारात मुलांची भूकच जाते. यकृतात साखर साठवण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, त्यात रात्री पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर धोकादायक उतरते, त्या मुलांना रात्रभर नळीतून हळूहळू अन्न देतात आणि दिवसा ती शाळेत जातात. कर्करोगाच्या उपचारात तोंड आलेल्या मुलांना काही महिने लागते. अन्ननलिका जन्मतःच जुळलेली नसते अशी बाळं असतात. यातल्या कित्येकांची नळी पुढे निघते. तुमच्या मुलाची निघेल असं मी म्हणणार नाही, त्याची बहुधा बरीच वर्षं राहील. पण नळी असलेलं मूल म्हणजे आशा सोडलेलं मूल, हे खरं नाही. दुर्बिणीने पोटातून नळी बसवायची पद्धतच मुळात लहान मुलांसाठी निघाली. अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर हे बालशल्यविशारद आणि जेफ्री पॉन्स्की हे एंडोस्कोपी करणारे शल्यविशारद होते. त्यांनी जून 1979 मध्ये साडेचार महिन्यांच्या एका बाळावर ती पहिल्यांदा केली. त्या बाळालाही पुरेसं तोंडाने घेता येत नव्हतं. म्हाताऱ्यांपर्यंत ही पद्धत नंतर पोचली.

आता नाकातल्या नळीचं. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि डॉक्टरही बऱ्याचदा आधी तेच करतात. नाकातून पोटात जाणारी बारीक नळी, आपल्याकडे सगळे राईल्स ट्यूब म्हणतात ती, भूल न देता पाच मिनिटांत घालता येते. चार-सहा आठवड्यांसाठी ती चांगली. किंबहुना पोटातून नळी बसवण्याआधी महिनाभर नाकातून भरवून बघायला मी सांगेन. त्याला नळीचं अन्न सोसतं का, उलट्या होतात का, वजन हलतं का, हे कळतं. ऑपरेशनसाठी अंगात थोडं बळ येतं. आणि घरातल्यांना डोळ्यांनी फरक दिसतो, तो कुठल्याही समजावणीपेक्षा मोठा. पण वर्षानुवर्षं नाकातली नळी ठेवणं बरं नाही. नाक आणि घसा सोलवटतो, चिकटपट्टीने गाल लाल होतो, मूल ओढून काढतं, घशात सतत काहीतरी असल्याने गिळणं आणखी बिघडतं, आणि पोटातलं वर येण्याचा त्रासही वाढू शकतो.

नाकातल्या नळीचा एक धोका मी प्रत्येक घराला बजावून सांगते. ओढली गेल्यावर किंवा उलटीनंतर ती जागेवरून सरकते आणि पुन्हा घालताना चुकून श्वासनलिकेत जाऊ शकते. हवा ढकलून पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि ‘फुस्स’ ऐकू आलं की बरोबर आहे असं समजायचं, ही रीत अजून सगळीकडे चालते. तिच्यावर विसंबू नका. नळी फुफ्फुसात असली तरी तसा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीतून थोडा द्रव ओढून पीएचच्या, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या, कागदावर टाकायचा. आकडा साधारण 5.5 किंवा त्याखाली आला तर पोटातलं आम्ल आहे. शंका असली तर एक्स-रे. ॲसिडिटीचं औषध चालू असेल तर कागदाचा आकडा फसवू शकतो, तेही विचारून घ्या. नळीवर नाकपुडीजवळ पेनाने खूण करून ठेवायची आणि प्रत्येक वेळी भरवण्याआधी ती खूण जागेवर आहे का ते बघायचं.

पोटातली नळी कशी बसवतात, हे एकदा समजलं की ‘भोक’ हा शब्द जरा लहान होतो. मुलाला भूल देतात, तोंडातून दुर्बीण पोटात नेतात, आत प्रकाश पडला की पोटाच्या भिंतीवर योग्य जागा दिसते, आणि तिथून पेन्सिलीपेक्षा बारीक नळी बाहेर घेतात. प्रत्यक्ष काम साधारण अर्ध्या तासाचं. बाहेर एक चकती, आत एक चकती, म्हणजे ती घसरत नाही. काही तासांनी पाणी, मग दूध असं हळूहळू सुरू करतात. दोन-तीन महिन्यांत वाट पक्की झाली की लांब नळीच्या जागी बटण बसवता येतं. ते कातडीला लागून असतं, शर्टाखाली दिसतही नाही. भरवायच्या वेळी त्याला जोडनळी लावायची, झालं की काढून ठेवायची. जखम भरली की रोजची साबण-पाण्याची आंघोळ चालते. त्याला पालथंही झोपवता येतं.

त्रास होतच नाही असं नाही. नळीभोवती लालसर मांस वाढतं, थोडं झिरपतं, कधी संसर्ग होतो. हे सहसा औषधाने आटोक्यात येतं. ऑपरेशनवेळी शेजारच्या आतड्याला इजा होणं किंवा पोटाच्या पोकळीत संसर्ग पसरणं हे क्वचित होतं, पण गंभीर असतं. म्हणून पहिल्या दिवसांत पोट टणक लागलं, भरवताना मूल कळवळून रडलं, ताप आला, रक्त आलं, तर भरवणं लगेच थांबवून दवाखाना गाठायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी निघून आली तर. पहिल्या काही आठवड्यांत निघाली तर घरी काहीही परत घालायचं नाही, कारण वाट कच्ची असते आणि नळी भलतीकडेच जाऊ शकते. थेट हॉस्पिटल. वाट पक्की झाल्यावर निघाली तरी उशीर नको, ती काही तासांत आकसायला लागते. तेव्हा काय करायचं हे डॉक्टरांकडून घरी जाण्याआधीच शिकून घ्या. जादा नळी पिशवीत ठेवा. बार्शीहून पुणे जवळ नाही, म्हणून सोलापुरात किंवा गावातच कोण बघू शकेल, हेही आधीच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता शोधत बसण्याची ही गोष्ट नाही.

नळीने काय होणार नाही, तेही ऐकून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. सीपी तशीच राहील. त्याची लाळ तोच गिळणार आहे, त्यामुळे लाळ फुफ्फुसात जात असेल तर न्यूमोनियाचा धोका कमी होईल, संपणार नाही. पोटातलं वर येण्याचा त्रास असेल तर तो नळीने आपोआप जात नाही. काही मुलांना त्यासाठी वेगळं औषध किंवा आणखी एक ऑपरेशन लागतं, त्याची तपासणी आधी होणं चांगलं. भरवताना आणि नंतर अर्धा-एक तास त्याला टेकवून बसतं ठेवायचं, ही शिस्त पाळावीच लागेल. आणि एक उलट धोका, हालचाल कमी असलेल्या मुलाला उष्मांकही कमी लागतात. नळीने अन्न सहज जातं म्हणून भरभरून दिलं तर दोन वर्षांत मूल जड होतं आणि आईच्या पाठीचं काम वाढतं. आहारतज्ज्ञाने आखून दिलेलंच द्या, दर महिन्याला वजन करा.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी सीपीच्या 57 मुलांचा नळी बसवल्यानंतर मागोवा घेतला आणि 2005 साली तो छापला. मुलांचं वजन वाढलं, भरवण्याचा वेळ खूप घटला, आणि जवळजवळ सगळ्या पालकांनी मुलाची तब्येत सुधारल्याचं सांगितलं. त्या मुलांच्या आया-बापांचं स्वतःचं जगणंही सावरलं होतं. माझ्या बघण्यातही हेच आलं आहे.

आता तोंडाने खाण्याबद्दल. नळी बसवली म्हणून तोंड बंद होत नाही. ते उघडं ठेवायचं की नाही, आणि किती, हे गिळण्याची तपासणी सांगते. दाट पदार्थ सुरक्षित उतरत असेल, तर दिवसातून दोन-चार चमचे चवीसाठी देता येतात. काहीच सुरक्षित नसेल, तर ओठांना मध, जिभेच्या टोकाला आमरसाचं बोट, एवढं तरी बहुतेकांना चालतं. थेरपिस्टला विचारूनच करा. दात घासणं, हिरड्या पुसणं मात्र थांबवू नका, तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत जातात. नळीने पोट भरलेलं असलं की तोंडाचा घास मोजायची गरज उरत नाही. तो घास मग फक्त चवीचा असतो, आणि कितीतरी मुलं तेव्हा पहिल्यांदा तोंड वळवणं सोडतात.

इथे सासूबाईंकडे येते. त्यांच्या बोलण्याचा राग मला आला नाही. ज्या आजीने नातवाचं उष्टावण केलं असेल, मांडीवर घेऊन हा घास चिऊचा, हा घास काऊचा म्हणत भरवलं असेल, तिच्यासाठी भरवणं म्हणजेच नातं. ते काढून घेतायत अशी त्यांना भीती वाटते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. पुढच्या भेटीला त्यांना आणि मिस्टरांना सोबत न्या. डॉक्टरांना सांगा की छातीचा एक्स-रे आजींना दाखवा, कुठे डाग आहे ते बोट ठेवून दाखवा. ज्यांच्या घरी नळी असलेलं मूल आहे अशा एखाद्या कुटुंबाची गाठ घालून देता का, असंही विचारा. आणि नळी बसली की भरवण्याची एक वेळ आजींची ठरवा. सिरिंज हातात उंच धरायची, दूध आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरतं, ढकलायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं नातू मांडीवर आणि चिऊ-काऊचं गाणं तेच. मी हे घडताना पाहिलंय. नळीला सगळ्यात जास्त विरोध करणारी आजी पुढे शेजारच्या सुनेला सिरिंज कशी धुवायची ते शिकवत होती.

मिस्टर बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं धरून चालू नका. संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली की बरेच बाप गप्प होतात. त्यांना हॉस्पिटलच्या आधी घरीच विचारा, तुम्हाला कशाची भीती वाटते? भूल देण्याची असेल तर तीच भीती घेऊन दोघं भूलतज्ज्ञाला भेटा.

एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी यायची, साधारण तुमच्या लेकासारखीच. तिची आई दर खेपेला म्हणायची, अजून थोडं बघू या. आणि मीही म्हणायचे, बघू. तिला दुखवायचं नव्हतं मला. असं करत दोन वर्षं गेली. शेवटी नळीचं ठरलं तेव्हा ती मुलगी इतकी खंगली होती की भूल द्यायला भूलतज्ज्ञ तयार होईनात. दोन महिने नाकातून भरवून तिच्यात थोडी ताकद आणली, मग नळी बसवली, जखम भरायलाही वेळ लागला. पुढच्या वर्षी तिचं वजन चार किलोंनी वाढलं. तिची आई मला म्हणाली, ‘हे मला आधी का नाही सांगितलंत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी आयांना बरं वाटावं म्हणून थांबत नाही. म्हणून तुम्हालाही इतकं सरळ लिहितेय.

खर्चाचं सांगते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. ऑपरेशनचं ठरण्याआधी तिथे रेशनकार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा, आणि हे काम योजनेत बसतं का ते लिहून घ्या. सीपीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. काढली नसेल तर काढाच. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, झालंय का? ते पुढे प्रत्येक ठिकाणी लागेल. सोलापूरला सरकारी रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथे थेरपिस्ट आणि आहाराचा सल्ला मोफत मिळतो. ऑपरेशनच्या खर्चाबरोबर पुढचा महिन्याचा खर्चही विचारा. सिरिंज, जोडनळी, दर काही महिन्यांनी बदलायचं बटण, हे कोणी आधी सांगत नाही.

नळीतून काय द्यायचं, याबद्दल घाई नको. पहिले काही आठवडे डॉक्टर सांगतील तेच. नंतर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घरचं वाटून, गाळून देता येतं, पण नळी पुरेशी जाड असावी लागते. नाचणीची पेज गार झाली की घट्ट होते आणि नळी तुंबवते. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर साधं उकळून गार केलेलं पाणी सोडायचं. बार्शीच्या उन्हाळ्यात सकाळी केलेलं दुपारी द्यायचं नाही.

उद्यापासून एक वही करा. प्रत्येक जेवण कधी सुरू झालं, कधी संपलं, अंदाजे किती आत गेलं, किती वेळा ठसका लागला, पाणी किती, लघवी किती वेळा, औषध थुंकलं का. सात दिवस लिहा. त्यातल्या दोन दिवसांचं जेवतानाचं मोबाइलवर चित्रण करा, चेहरा आणि गळा दिसेल असं. ती वही आणि ते चित्रण घेऊन पुण्याला जा. ओपीडीत तुमच्या वाट्याला जी दहा मिनिटं येतील, त्यात तुम्हाला फार काही बोलावं लागणार नाही. गिळण्याची तपासणी झाली की काय निघालं ते मला कळवा.